शुक्रवारचं रीडिंग

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. दहिसरच्या स्मशानात त्यांना निरोप दिला, अस्थी गावी नेऊन खाडीत सोडल्या, आणि दर पितृपक्षात गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट बघणं आई अजून चुकवत नाही. सगळं रीतसर झालं. तरीही बाबांचा एक लहानसा अंश अंधेरीला शिल्लक होता. उणे ऐंशी अंशांवर, एका पांढऱ्या खोक्यात, करंगळीच्या पेराएवढ्या दोन प्लास्टिकच्या नळ्यांमध्ये. हे फक्त मला माहीत होतं आणि मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

मी अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. बाबा गेले तेव्हा मी तिथली सगळ्यांत ज्युनिअर होते, आज प्रमुख आहे. मधल्या काळात बाकीचे सगळे चांगल्या नोकऱ्या धरून निघून गेले, हे माझ्या बढतीचं मुख्य कारण. त्या वेळी आम्ही रक्ततपासणीचं एक किट बनवायला निघालो होतो. छातीत कळ आल्यावर ती हृदयाची की पित्ताची, हे लवकरात लवकर सांगणारं किट.

त्यामागची गोष्ट सोपी आहे. हृदयाच्या स्नायूत एक अगदी छोटं प्रोटीन असतं. त्याचं काम हमालाचं. चरबीचे रेणू उचलायचे आणि पेशीत जिथे ते जळतात तिथे नेऊन टाकायचे. हृदय मुख्यतः चरबीवर चालतं, त्यामुळे तिथे या हमालांची कमी नाही. हृदयाला मार बसला की पेशी फुटतात आणि हे प्रोटीन तास-दोन तासांत रक्तात सांडतं. साधारण दिवसभर तिथे राहतं, मग मूत्रपिंडं ते काढून टाकतात. तेवढ्या वेळात कुणी मोजलं तर कळलं, नाही मोजलं तर गेलं.

मोजायला माप लागतं. भाजीवाल्याच्या तराजूत एका बाजूला किलोचं वजन असतं, तसं आमचं वजन, आमच्या भाषेत ‘स्टँडर्ड’, म्हणजे बाटलीत विकत मिळणारं तेच प्रोटीन. माणसाचं, पण माणसातून काढलेलं नव्हे. माणसाचं जनुक जिवाणूंच्या पोटात घालतात, ते बिचारे आपलंच समजून ते प्रोटीन बनवत बसतात, मग त्यांना फोडून ते बाहेर काढतात आणि धुऊन-पुसून वाळवतात. बाटली बोटाच्या टोकाएवढी, आम्ही तिला व्हायल म्हणतो. आत तळाला धड दिसतही नाही असा पांढरट थर. पहिली व्हायल हातात आली तेव्हा मला वाटलं, लबाडांनी रिकामीच पाठवली. लेबलवर लिहिलेलं असायचं, ‘मानवी’. त्याखाली, ‘फक्त संशोधनासाठी’. हा मानव कोण, असं मी तेव्हाच्या आमच्या प्रमुख मॅडमना विचारलं होतं.

“कुणीच नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर त्याच्यावर भरवसा ठेवायचा.”

हे प्रोटीन मोठं नाजूक. पाण्यात विरघळवून गोठवलं, की एकदाच वितळवायचं. पुन्हा गोठवून पुन्हा वितळवलं तर त्याची घडी मोडते, काही भाग नळीच्या भिंतीला चिकटून बसतो, आणि लेबलवर जेवढं लिहिलंय तेवढं आत उरत नाही. माप हलकं झालं की त्याच्याशी ताडून बघितलेली प्रत्येक गोष्ट आहे त्यापेक्षा जड दिसणार. म्हणून नियम होता की उरलेलं फेकून द्यायचं. पण ती व्हायल परदेशातून यायची, महाग असायची, आणि आम्ही सगळेच फेकण्याच्या बाबतीत कच्चे. मग आमच्यात एक रीत पडली. उरलेल्या व्हायलवर काळ्या मार्करने एक रेघ मारायची आणि ती फ्रीझरमध्ये परत ठेवायची. दुसऱ्यांदा वितळली की दुसरी रेघ. दोन रेघांची व्हायल नवीन लोकांना हात बसवायला द्यायची, खऱ्या कामाला घ्यायची नाही.

ही रीत मला कुणी शिकवावी लागली नाही. आमच्या घरी ती आधीपासून होती. पाहुणा आला तर त्याला तव्यावरची भाकरी, आणि कालच्या भाकऱ्या आम्हाला. बाबा कधी कुरकुरले तर आई म्हणायची, “घरच्या माणसाक चलता.” मालवणीतलं तिचं हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय, की माझ्या डोक्यात ते तिच्याच आवाजात उमटतं.

बाबा विजेचे मीटर वाचायचे. आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा बाबा नुकतेच या कामाला लागले होते, म्हणून घर तरलं. बोरिवलीपासून दहिसर चेकनाक्यापर्यंत किती इमारतींच्या जिन्यांखाली वाकून त्यांनी आकडे उतरवले असतील, देव जाणे. घराला कुलूप असलं तर सरासरी टाकून पुढे जायची सोय होती. बाबा सरासरी टाकत नसत, संध्याकाळी परत जायचे. बिल वाढलं की लोक दारातच ओरडायचे, तुमचा मीटर फास्ट पळतोय. घरी आल्यावर पाय धुता धुता ते मला सांगायचे, “लोकांका रीडिंग आवडला नाय काय ते मीटराक गाळी घालतत. आधी परत जावन बघूक व्हया. मीटर सहसा खोटा बोलणा नाय.”

मी विज्ञान शिकले ते कॉलेजात, असं मी लोकांना सांगते. खरं तर ते मोरीपाशी शिकले.

त्या गुरुवारी जेवताना मी वैतागलेली होते. किटसाठी वीस धडधाकट माणसांचं रक्त लागणार होतं, ज्यांचं रीडिंग ‘नॉर्मल’ म्हणून धरायचं. लहान लॅबमध्ये अशी माणसं आणायची कुठून? लॅबमधलेच आम्ही, मग आमच्यापैकी कुणाचा नवरा, कुणाची सासू, खालच्या मजल्यावरच्या पॅकिंगवाल्या बायका. असे एकोणीस जमले होते. विसावा ऐन वेळी तापाने आडवा झाला आणि सोमवारी आकडे द्यायचे होते.

“माझां घे,” बाबा म्हणाले.

मी बघतच राहिले. हा माणूस सुईला इतका भ्यायचा की पायात खिळा गेला तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवायला दवाखान्याच्या मागच्या दाराने निघून आला होता. मी म्हटलं, “बाबा, रक्त काढतात, अंगठा नाही घेत.” ते हसले नाहीत. “माहीत आसा,” म्हणाले. आईने ताटातून मान वर केली आणि ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, तिलाही माझ्यासारखंच नवल वाटलंय.

शुक्रवारी सकाळी ते माझ्याबरोबर हायवेने बसमधून आले, इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्या ऑफिसात यायची त्यांची ती पहिलीच वेळ. रक्त देणाऱ्याने एक फॉर्म भरायचा असतो. छातीत दुखतं का, धाप लागते का, चक्कर येते का. त्यांनी तो मीटरवाल्याच्या सुबक अक्षरात भरला. नाही, नाही, नाही. आमच्या टेक्निशियनने रक्त काढलं तेव्हा ते छताकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. मी त्यांना चिडवलं, एवढ्याशा सुईला एवढा घाम? नंतर चहा-बिस्किट दिलं. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, रीडिंग कधी येणार. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत.

दुपारी मी त्यांचं रक्त तपासायला घेतलं. मॅडम बाहेर गेल्या होत्या. एका माणसासाठी नवी व्हायल फोडायची का, असा प्रश्न मला पडला, आणि फ्रीझरमध्ये हात घातला तेव्हा समोर दोन रेघांची आली. घरच्या माणसाक चलता. अगदी आईच्या आवाजात हे माझ्या डोक्यात आलं आणि मी ती उचलली. खरं तर अशा वेळी सोबत एक खात्रीचा नमुना लावतात, ज्याचा आकडा आधीच माहीत असतो, म्हणजे माप बिघडलंय की नाही हे कळतं. मी तोही लावला नाही. एकाच तर माणसाचं बघायचंय, आणि तेही आपल्याच.

आकडा आला तो बाकीच्या एकोणिसांच्या जवळजवळ चौपट.

मी हसले. हे मला लिहायलाच हवं, की मी हसले. दोन रेघांची व्हायल, म्हणजे माप हलकं, म्हणजे आकडा फुगलेला. चूक पकडल्याचा तो आनंद होता. वहीत मी लिहिलं, ‘एन-२० जास्त. स्टँडर्ड शिळं. सोमवारी नव्या व्हायलने रिपीट.’ उरलेलं सीरम, म्हणजे रक्तातलं वरचं पिवळसर पाणी, दोन नळ्यांत भरलं, वर एन-२०, म्हणजे विसावा नॉर्मल, असं लिहिलं, खाली लहान अक्षरात ‘बाबा’, आणि फ्रीझरमध्ये ठेवलं. ज्या तक्रारीसाठी बाबांनी जन्मभर लोकांची बोलणी खाल्ली, तीच मी वहीत लिहून ठेवली होती. मीटर फास्ट आहे.

तीनदा वितळून माप फार तर निम्मं होईल, मग आकडा चौपट कसा होईल, हा प्रश्न त्या दुपारी मला पडला नाही. तो पुढे पडला आणि अजूनही पडतो.

संध्याकाळी मी जिना चढून आले तर बाबा गॅलरीत उभे होते. तेव्हा आमची चाळ होती, टॉवर नंतर झाला. मी चपला काढत होते तेवढ्यात त्यांनी विचारलं, “काय इला गो?”

“नॉर्मल,” मी म्हटलं.

शिळं स्टँडर्ड, हलकं माप, सोमवारी रिपीट, हे सगळं समजावत कोण बसणार? मला भूक लागली होती. शनिवारी सकाळी दाढी करता करता त्यांनी परत विचारलं, “नक्की नॉर्मल मा?” मी म्हटलं, “हो हो बाबा, किती वेळा सांगू?” त्यांनी मान हलवली आणि गालावर साबण लावला. त्यांच्याशी नीट झालेलं माझं शेवटचं बोलणं ते.

रविवारी आईने त्यांना बाजारात पाठवलं. त्यांनी सांगितलं की बरं वाटत नाही. आई म्हणाली, “नाटकां करू नकात. जावा नि सुंगटां घेवन येवा.” ते गेले, कोलंबी घेतली, परत आले, आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर पिशवी बाजूला ठेवून पायरीवर बसले. शेजारणीने हाक मारली तेव्हा दुपारचे बारा वाजत होते. हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, मोठा झटका. पिशवी त्या वळणावरच राहिली होती, संध्याकाळी शेजाऱ्यांपैकी कुणीतरी ती नेऊन टाकली.

तेरावं करून मी कामावर गेले. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि थोड्या वेळाने अवघडून विचारलं, “अगं, तो विसावा राहिलाय. दुसरं कुणी बघू या का?” मी स्वतःची बाही वर केली. माझं रक्त नव्या व्हायलने, खात्रीचा नमुना लावून, सगळे नियम पाळून तपासलं. नॉर्मल आलं. फाइलमध्ये एन-२० म्हणून आज जे नोंदलेलं आहे ते माझं रक्त आहे. ते किट पुढे बाजारात गेलंच नाही. दुसऱ्या कुणाचं आधी आलं आणि आमचं गुंडाळलं गेलं.

बाबांच्या नळ्या मी फेकल्या नाहीत आणि तपासल्याही नाहीत. प्रत्येक सोमवारी मला आठवायचं की हा तो सोमवार असू शकतो. मग मी दुसरं काहीतरी काम काढायचे.

लोक म्हणतात, गेलेलं माणूस घरात वावरतं. आमच्या घरात बाबा कधी जाणवले नाहीत. चाळ पडली, टॉवर उभा राहिला, तो जिना आणि ते वळणही गेलं. मला ते जाणवायचे लॅबमध्ये. मशीन नमुने भरलेली प्लेट वाचत असतं तेव्हा अर्धं मिनिट काहीच करायचं नसतं, पडद्यावर आकडे यायची वाट बघायची. त्या अर्ध्या मिनिटात मागून कुणीतरी विचारतं, “काय इला गो?” मोठ्याने नाही. गॅलरीत उभ्या असलेल्या माणसाने विचारावं तसं, आपल्याला फार काळजी नाही असं दाखवत. नऊ वर्षांत माझ्या हातून किती प्लेटा गेल्या असतील, पण एकदाही तो आवाज चुकला नाही. मी कधी मागे वळून बघितलं नाही. मला भीती वाटायची, आणि ती भुताची नव्हती. त्यांना काय सांगायचं याची होती.

आणि घरी आई होती. ती दुसऱ्याच ओझ्याखाली दबलेली. कुणीही पाहुणा आला, बाबांचा विषय निघाला, की ती तेच सांगायची. “मीच म्हटलंय त्यांका. नाटकां करू नकात, जावा नि सुंगटां घेवन येवा.” एवढं बोलून ती थांबायची, एकदा माझ्याकडे बघायची आणि चहा ठेवायला उठायची. नऊ वर्षांत आमच्या घरात कोलंबी शिजली नाही. मालवणी घरात याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको. मी तिला म्हणायचे, आई, तुझा काय दोष, झटका कुणाला सांगून येतो का? हे म्हणताना माझा आवाज अगदी शांत असायचा आणि मला स्वतःची किळस यायची. तो सांगून आला होता. त्याने मला आकडा दिला होता.

या वर्षी लॅब हलवायचं ठरलं. इमारत मालकाला पाडायची आहे आणि आम्ही खाडीपलीकडे जाणार. फ्रीझरमधली प्रत्येक नळी तपासून यादी करायची होती. ठेवायची असेल तर कारण लिहायचं, नाही तर दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. मी यादी करायला दोन दिवस लावले आणि ते खोकं शेवटी काढलं. बर्फाचा थर अंगठ्याने पुसला. एन-२०. बाबा. शाई अजून काळीभोर होती. त्याच दिवशी जुन्या फाइलींमध्ये त्यांचा फॉर्मही सापडला, त्या तीन नाहींसह. मी जमिनीवरच बसले.

आता तपासता येणार होतं. आमच्याकडे नव्या व्हायल होत्या, एकही रेघ नसलेल्या. पण या कामात मी इतकी वर्षं काढलीत, त्यामुळे पुढचं मला स्पष्ट दिसत होतं. आकडा जास्त आला, तर त्या शुक्रवारी बाबांच्या हृदयाच्या पेशी फुटत होत्या आणि मी हसत होते, हे पक्कं. पण कमी आला तर? नऊ वर्षांत थंडीतही प्रोटीन थोडंथोडं विरतंच. शिवाय लॉकडाउनमध्ये एकदा फ्रीझर बंद पडला होता. वॉचमनने फोन केला, मी पास काढून रिकाम्या हायवेवरून येईपर्यंत आतलं तापमान चढलेलं होतं. म्हणजे कमी आलं तर काहीच सिद्ध होणार नव्हतं. मी दोषी ठरू शकत होते, निर्दोष ठरण्याची सोयच नव्हती. पण जास्त आला असता तर आई मात्र सुटणार होती. बाजारात जायच्या दोन दिवस आधीच बाबांचं दुखणं सुरू झालेलं होतं, असं मी तिला छातीठोकपणे सांगू शकले असते.

तो सोमवार नव्हता, बुधवार होता. मी दोन्हींपैकी एक नळी वितळवली. सीरम पिवळसर, स्वच्छ, काल काढल्यासारखं. नवी व्हायल आधी फिरवून घेतली, सगळी पावडर तळाला बसवली, मग उघडली. खात्रीचा नमुना लावला. सगळं दोन-दोनदा लावलं. एखाद्या पाहुण्याचं करावं तसं केलं. मशीन प्लेट वाचायला लागलं आणि मागून आवाज यायची मी वाट बघितली. या वेळी कुणी काही विचारलं नाही.

नॉर्मल.

खात्रीचा नमुना अगदी बरोबर होता आणि एन-२० बाकीच्या सगळ्या माणसांसारखा, खाली, साधासुधा. मला आनंद झाला. क्षणभर इतका हलका, इतका बेशरम आनंद, की डोळ्यांत पाणी आलं. मग नऊ वर्षं आठवली, लॉकडाउन आठवलं, आणि त्या आकड्याची किंमत शून्य आहे हे मला कळलं. कुलूप लावलेल्या घराचं रीडिंग होतं ते. बाबा असते तर त्यांनी ते लिहून घेतलं नसतं.

मेट्रोने दहिसरला आले. लिफ्टमधून अकराव्या मजल्यावर जाताना मी ठरवत होते, सांगायचं की नाही. आई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होती. मी चपला काढल्या, तिच्यासमोर बसले आणि सांगायला सुरुवात केली. त्या शुक्रवारी बाबांच्या रक्तातून मी काय मोजायला निघाले होते, उरलेलं रक्त मी ठेवून दिलं होतं, आणि आज ते परत तपासलं. आईला प्रोटीन-बिटीन कळायचं कारण नाही. तिचा हात मेथीच्या काडीवर थांबला.

“काय इला?” तिने विचारलं.

तेच शब्द. बाबांनी विचारले होते त्याच तऱ्हेने, फार काळजी नसल्यासारखे. नॉर्मल म्हणून मोकळी झाले असते तर ते खोटंही ठरलं नसतं. पडद्यावर तसंच लिहिलेलं होतं. तीच जागा पुन्हा माझ्यासमोर आली होती, तेच माणूस नव्हतं एवढंच.

“आई, त्या शुक्रवारी जास्त आलं होतं,” मी म्हटलं. “खूप जास्त. मला वाटलं माझीच चूक झाली, बाटली शिळी होती. सोमवारी परत बघणार होते. आणि तुम्हाला मी नॉर्मल म्हणून सांगितलं.” आजचा आकडा मी तिला सांगितला नाही. तो कधीच सांगणार नाही.

मला वाटलं आता ती मला मारेल, आणि तिने मारावं असं वाटत होतं.

“म्हणजे खरांच दुखत होतां त्यांका,” ती म्हणाली. “नाटकां नव्हती.”

मग ती तुटक तुटक बोलायला लागली, मेथीकडे बघत. बुधवारपासूनच बाबा म्हणत होते, छातीत जड वाटतं. तिने दवाखान्यात जायला सांगितलं, तर म्हणाले, कशाला, पोरगी हृदयाचंच तर बघते. म्हणून रक्त दिलं त्यांनी. म्हणून तिने त्या रात्री ताटातून मान वर करून बघितलं होतं. फॉर्मवर त्यांनी नाही का लिहिलं, तेही तिला माहीत होतं. हो लिहिलं असतं तर त्यांचं रक्त मी घेतलंच नसतं, असं त्यांनी तिला घरी येऊन सांगितलं होतं.

“रविवारी परत म्हणूक लागले, बरा वाटणा नाय,” आई म्हणाली. “आणि मी म्हटलंय, नाटकां करू नकात.” इथे ती नेहमीसारखी थांबली आणि तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ती चहा ठेवायला उठेल. ती उठली नाही. हातातली काडी तशीच धरून तिने वाक्य पुरं केलं.

“तू नॉर्मल म्हटलंस म्हणान मी तसां बोललंय गो.”